फाल्गुन-चैत्रात कुमाऊंच्या डोंगरात: इंदूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक) निघून गेली आणि राजवाड्याच्या आसपासचा रंग वाळला, की आमच्या फोनवर हे प्रश्न येऊ लागतात. गेली काही वर्षं आम्ही दोघं फाल्गुन-चैत्रातले पाच-सहा आठवडे मुक्तेश्वरजवळच्या एका गावात भाड्याच्या घरात राहतो. नातेवाईक, गल्लीतले शेजारी, महाराष्ट्र मंडळातली माणसं आणि त्यांच्या ओळखीचे लोक तेच ते प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवली. ती उत्तराखंडच्या कुमाऊं भागापुरती आहेत. काश्मीर किंवा सिक्कीमला ती जशीच्या तशी लावू नका.

१. तिकडे वसंत नेमका कधी असतो? मार्चमध्ये जावं की एप्रिलमध्ये?

आधी किती उंचीवर राहणार ते ठरवा, मग महिना. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आहे आणि रेल्वे जिथे संपते ते काठगोदामही जवळपास तेवढ्याच उंचीवर. तिथून पुढे दर हजार मीटरमागे हवा सरासरी साडेसहा अंशांनी थंड होत जाते. त्यामुळे वसंत पायथ्याकडून चढत चढत वर येतो. फेब्रुवारीअखेर भीमतालच्या बाजूला आडूची (पीचची) झाडं गुलाबी होतात, तेव्हा मुक्तेश्वरला माणसं शेगडीपाशी बसलेली असतात. मार्चच्या मध्यावर रामगढच्या बागा फुलतात, आणि एप्रिलमध्ये तोच बहर २,००० मीटरच्या वर पोहोचतो.

उतार कोणत्या दिशेला आहे, यानेही फरक पडतो. दक्षिणेकडच्या उतारावर दिवसभर ऊन असतं. त्याच डोंगराची उत्तरेकडची बाजू दोन-तीन आठवडे मागे राहते. एकाच गावात वरच्या वाडीला फुलं आणि खालच्या सावलीतल्या वाडीला कळ्या, असं आम्ही दरवर्षी बघतो.

एकदाच जाणं होणार असेल तर मार्चचा शेवटचा आणि एप्रिलचा पहिला आठवडा घ्या. आणखी एक गंमत सांगते. आपल्या माळव्यातला गहू कापून बाजारात गेलेला असतो, आणि तिथे पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांत तो अजून हिरवागार उभा असतो.

२. इंदूरहून कसं जायचं?

दिल्लीपर्यंत रेल्वेने, तिथून काठगोदामची गाडी, आणि पुढे टॅक्सी किंवा बस. काठगोदाम ते मुक्तेश्वर साठ-सत्तर किलोमीटर आहे, पण अडीच-तीन तास धरा. भवालीच्या आसपास कैंची धामला जाणाऱ्या गाड्यांची शनिवार-रविवारी मोठी कोंडी होते, म्हणून आठवड्याच्या मधल्या वारी पोहोचा. वळणांनी मळमळत असेल तर पोट गच्च भरून बसू नका, पुढच्या सीटवर बसा आणि मोबाइल खाली ठेवा.

३. आत्ता इंदूरला ३६ अंश आहे. खरंच स्वेटर न्यायचा?

न्यायचाच, आणि त्याच्यावर घालायला वारा-पाऊस अडवणारं जाकीटही. मार्चमध्ये मुक्तेश्वरला दुपारी पंधरा-अठरा अंश असतात, पहाटे पाच-सात. पाऊस झाला तर पारा शून्याजवळही उतरतो. एका जाड कोटापेक्षा तीन पातळ थर बरे, कारण दिवसातून चार वेळा काढघाल होते. कानटोपी, दोन जोड जादा मोजे आणि चांगली पकड असलेले बूट हवेतच (बुटांचं कारण प्रश्न १५ मध्ये).

टोपी आणि उन्हाचं मलमही विसरू नका. दर हजार मीटरला अतिनील किरणं साधारण दहा टक्क्यांनी वाढतात. हवा गार असल्यामुळे कातडी भाजतेय हे कळतच नाही, आणि संध्याकाळी नाक सोललेलं दिसतं.

४. सकाळी लख्ख ऊन आणि दुपारी गारा, असं का होतं?

दोन गोष्टी एकमेकींत मिसळतात म्हणून.

पहिली, पश्चिमी विक्षोभ. भूमध्य समुद्राच्या बाजूने वाऱ्याच्या उंच थरांत वाहत येणाऱ्या या प्रणाली इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडून हिमालयाला येऊन भिडतात. हिवाळ्यात त्या बर्फ देतात. वसंतात जमीन तापलेली असते आणि वर मात्र थंड हवा येते, त्यामुळे ढग झपाट्याने उंच वाढतात आणि गडगडाटासह गारा पडतात. माळव्यात ऐन कापणीच्या वेळी गहू-हरभऱ्याला झोडपणाऱ्या गाराही पुष्कळदा याच प्रणालींच्या शेपटीला असतात. इंदूरला ढग आले की आम्ही काठगोदामच्या टॅक्सीवाल्याला फोन करून तिकडची हवा विचारतो.

दुसरी गोष्ट रोजची. ऊन चढतं तशी दरीतली हवा गरम होऊन उताराने वर सरकते आणि दुपारी कड्यांवर ढग धरते. म्हणून तिथला दिवस पहाटे सुरू करायचा. जे बघायचं, चालायचं, वाळवायचं ते एकच्या आत उरकायचं. गावातल्या बायका तेच करतात. धुणं सहा-सातला दोरीवर आणि दुपारच्या चहाआधी घरात. पहिल्या वर्षी मी इंदूरच्या सवयीने दहाला कपडे वाळत घातले आणि दोनला ते गारांतून वेचून आणले.

५. वाटेत वीज-गारा सुरू झाल्या तर काय करायचं?

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तीसच्या आत आवाज आला तर धोका जवळ आहे, लगेच कड्यावरून, मोकळ्या माथ्यावरून खाली उतरा. एकट्या उंच देवदाराखाली उभं राहू नका. पक्कं घर किंवा बंद गाडी सर्वांत सुरक्षित. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा. मुक्तेश्वरला चौली की जालीच्या उघड्या खडकांवर फोटोसाठी थांबणारे लोक बघून दरवेळी माझा जीव खालीवर होतो. ढग काळे दिसले तर त्या खडकांवर जाऊच नका.

६. बर्फाची शिखरं नक्की दिसतील का?

नक्की असं कुणीच सांगू शकत नाही. मुक्तेश्वरहून त्रिशूल (७,१२० मीटर), नंदादेवी (७,८१६ मीटर), नंदाकोट आणि पंचचूली अशी रांग दिसते, पण पाऊस पडून गेल्यानंतरच्या सकाळी, नऊच्या आत. एप्रिलच्या उत्तरार्धात मैदानातली धूळ आणि वणव्यांचा धूर मिसळून आठ-आठ दिवस समोर नुसता राखाडी पडदा असतो. पाऊस आला म्हणून नाराज होणाऱ्यांना मी हेच सांगते, की रात्री पाऊस असेल तर गजर साडेपाचचा लावा.

७. तो लाल फुलांचा वृक्ष कोणता? आपल्या पळसासारखाच वाटतो.

तो बुरांश, उत्तराखंडचा राज्यवृक्ष. लांबून पळसाची आठवण येतेच. आपल्याकडे चोरल, पाताळपाणी, मानपूरच्या घाटात फाल्गुनात पळस पेटतो तेव्हा त्याच्यावर पान नसतं. बुरांश मात्र वर्षभर हिरवा असतो. गडद, चामड्यासारख्या पानांच्या गुच्छात मुठीएवढा लाल झुबका बसलेला असतो. जवळ गेलात तर एका झुबक्यात घंटेच्या आकाराची पंधरा-वीस फुलं मोजता येतात. खाली १,५०० मीटरच्या आसपास तो फेब्रुवारीतच फुलू लागतो, वर एप्रिलपर्यंत चालतो, आणि जसजसं उंच जावं तसतसा लाल रंग फिकट होत गुलाबीकडे झुकतो.

बहुतेक वेळा त्याच्या सोबतीला बांज असतो, म्हणजे डोंगरी ओक. बांजाच्या सालीवर शेवाळ आणि नेचे, बुरांशची फुलं झाडाखालच्या पालापाचोळ्यात पडलेली, आणि त्या ओल्या पाचोळ्याचा वास. असल्या रानात मी तासन् तास बसलेली आहे.

गावात पाकळ्यांचं सरबत करतात, चटणीही करतात. पण दोन गोष्टी पाळा. झाडावरून फांद्या ओरबाडू नका. आणि लाल बुरांश सोडून त्याच्या भाईबंदांची दुसऱ्या रंगाची फुलं तोंडात घालू नका, कारण उंचावरच्या काही जाती विषारी आहेत. सरबत गावातल्या माणसांनी केलेलंच घ्या.

८. गाडीवर, अंगणात, पाण्यावर पिवळी पूड साचते. ती कसली?

चीड म्हणजे डोंगरी पाइनचे परागकण. फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान वारा सुटला की ढगासारखे उडतात. ज्यांना दमा किंवा परागांची अॅलर्जी आहे त्यांनी चिडाच्या रानाजवळ मुक्काम करू नये, बांज-देवदाराच्या बाजूला घर बघावं.

९. आम्ही सफरचंदाच्या बागेत राहणार आहोत. सफरचंदं मिळतील ना?

वसंतात फक्त फुलं. सफरचंदं जुलैअखेरीपासून. त्याआधी मे-जूनमध्ये खुमानी म्हणजे जर्दाळू, आडू, पुलम म्हणजे आलुबुखार येतात.

पण फुलं बघताना बागवाल्याच्या चेहऱ्याकडेही बघा. हे तीन आठवडे त्याचं वर्ष ठरवतात. सफरचंदाच्या जुन्या जातींना हिवाळ्यात सात अंशांखालची थंडी हजारेक तास तरी लागते. हिवाळा कोमट गेला तर बहर विस्कळीत येतो. बहराच्या दिवसांत गारठा पडला तर मधमाश्या पेटीबाहेर पडत नाहीत आणि फळ धरत नाही. आणि सगळं जुळून आल्यावर दहा मिनिटांच्या गारा फुलांचा सडा पाडतात. म्हणून बागांवर पांढऱ्या-हिरव्या जाळ्या ताणलेल्या दिसतील. फोटो खराब होतो म्हणून जाळी बाजूला करायला सांगणारे पाहुणे मी पाहिलेत. कृपा करून तसं करू नका.

१०. आम्ही मार्चच्या मध्यावर गेलो, तर तिथले लोक म्हणाले आज चैत्राचा पहिला दिवस. पाडव्याला तर वेळ होता. हे कसं?

इंदूरच्या मराठी घराला हा घोळ निम्मा तरी ओळखीचा आहे. आपला महिना अमावास्येला संपतो, म्हणून आपला चैत्र गुढीपाडव्याला लागतो. शेजारच्या माळवी घरात महिना पौर्णिमेला संपतो, त्यांचा चैत्र होळीच्या दुसऱ्या दिवसापासूनच चालू असतो. कुमाऊं-गढवालमध्ये महिने सूर्याच्या संक्रांतीवर मोजतात. सूर्य मीन राशीत गेला, म्हणजे १४ किंवा १५ मार्चला, की त्यांचा चैत लागला. तीन चैत्र, तिन्ही बरोबर.

त्या दिवशी फूलदेई असते. आदल्या संध्याकाळी किंवा पहाटे मुलं टोपल्या घेऊन रानात जातात, प्योंलीची पिवळी फुलं, बुरांश, आडूच्या पाकळ्या गोळा करतात आणि घराघराच्या उंबऱ्यावर वाहत फिरतात. घरच्या बाईने त्यांच्या टोपलीत तांदूळ, गूळ, थोडे पैसे घालायचे. तुम्ही त्या गावात पाहुणे असाल तर तुमच्याही दारात येतील. गूळ आधीच आणून ठेवा आणि चपला उंबऱ्यापासून दूर काढा.

याच महिन्यात भिटौलीही असते. भाऊ लग्न झालेल्या बहिणीच्या घरी खाऊ आणि कपडे घेऊन जातो. चढउतार करत, दोन-दोन बस बदलत येणारे म्हातारे भाऊ बघितले की चैत्रगौरीला माहेरवाशिणीची ओटी भरणारी आपली घरं आठवतात.

११. पाडवा तिकडेच येतोय. गुढी उभारता येईल?

येईल. आम्ही उभारतो. कडुनिंब त्या उंचीवर वाढत नाही, तेव्हा डहाळी आणि कैऱ्या पायथ्याच्या हलद्वानी शहराच्या बाजारातून घेऊन वर चढा. आंब्याच्या पानांचं तोरणही तिथूनच. नाही मिळालं तर शेजारणीला पय्यांची डहाळी मागा. हे डोंगरी चेरीचं झाड तिथे पवित्र मानतात आणि लग्न-मुंजीत वापरतात. काठी कठड्याला दोन ठिकाणी घट्ट बांधा आणि दुपारी वारा सुटण्याआधी गुढी उतरवून घ्या. कैरीची डाळ आणि पन्हं केलंत तर शेजारी वाटी नक्की पाठवा. आमच्या शेजारच्या आमा (तिकडे आजीला आमा म्हणतात) दरवर्षी त्या डाळीची वाट बघतात.

१२. डाळ शिजतच नाही. आमचा कुकर बिघडलाय का?

कुकर ठीक आहे. उंचीवर हवेचा दाब कमी, म्हणून पाणी लवकर उकळतं. इंदूरला साधारण ९८ अंशांना, मुक्तेश्वरला ९३च्या आसपास. उघड्या पातेल्यात तुरीची डाळ तासभर ठेवली तरी दाणा राहतो. कुकर हवाच, नेहमीपेक्षा दोन-तीन शिट्ट्या जास्त द्या, कडधान्यं रात्रभर भिजवा. चहा थोडा जास्त उकळा. शेवेची बंद पाकिटं फुगून टम्म होतील. त्यात काही वावगं नाही.

१३. तिथलं काय खावं? मुलं तर पोहेच मागतात.

पोहे, जिरावन आणि शेव बरोबर न्या, सकाळचा प्रश्न सुटेल. बाकी जेवण परकं वाटणार नाही. मडुआची रोटी म्हणजे नाचणीची भाकरी, गहत म्हणजे आपले कुळीथ, झंगोरा हा भगरीच्या जातकुळीतला. भट्ट हे काळं सोयाबीन, त्याची दाट डाळ भातावर घेतात. फोडणीत जखिया टाकतात. ती आपल्या पिवळ्या तिळवणीची बी आहे, दाताखाली कुरकुर करते.

वसंतातली खास भाजी सिसूण, म्हणजे खाजखुजलीसारखी झोंबणारी डोंगरी वनस्पती. कोवळे शेंडे चिमट्याने तोडून उकळले की झोंबणं जातं आणि पालकासारखी भाजी होते. वाटेच्या कडेला मुलांना तिला हात लावू देऊ नका. काफळ (तांबडी आंबटगोड फळं) आणि हिसालू एप्रिलअखेरीपासून मे-जूनपर्यंत.

१४. पाणी कुठलं प्यायचं?

उकळलेलं किंवा फिल्टरमधून गाळलेलं. गावात नौला दिसेल, म्हणजे जमिनीतून झिरपणाऱ्या पाण्यावर दगडी छत बांधलेली छोटी विहीर. चपला बाहेर काढूनच जवळ जायचं, तिथे कपडे-भांडी धुवायची नाहीत. एप्रिलनंतर अनेक झरे बारीक होतात आणि बायकांना लांबून पाणी आणावं लागतं, तेव्हा बादलीनेच अंघोळ करा.

१५. चिडाच्या वाळलेल्या पानांवरून चालताना सारखे घसरतो. आणि ती आग कशाने लागते?

दोन्हींचं कारण पिरूल, म्हणजे चिडाच्या सुया. वसंतात त्यांचा जाड थर साचतो. त्यावर साधा बूट गुळगुळीत फरशीवरून घसरावा तसा सरकतो. उतरताना पाऊल आडवं टाका, हातात काठी ठेवा.

या सुयांत राळ असते, त्यामुळे त्या भराभर पेटतात. वन विभाग १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम मानतो. जवळजवळ सगळ्या आगींमागे माणसाचा हात असतो, विडीचं थोटूक, शेतातला कचरा जाळणं, सहलीतली चूल. बांजाचं रान ओलसर असतं, ते सहजी आग धरत नाही आणि पाणीही मुरवतं. म्हणून गावातल्या बायका बांजासाठी जीव टाकतात. शेजारच्या गढवालमध्ये चिपको आंदोलनात २६ मार्च १९७४ रोजी रैणी गावात गौरादेवी आणि त्यांच्याबरोबरच्या बायका झाडं वाचवायला ठेकेदाराच्या माणसांसमोर उभ्या राहिल्या, तेही याच दिवसांत. रानात काडी पेटवू नका. धूर दिसला तर गावात सांगा आणि ११२ वर फोन करा. वाऱ्याच्या दिशेने वर पळू नका, आग चढावर फार वेगाने येते.

१६. बिबट्याची भीती आहे का?

आहे, संध्याकाळनंतर. अंधारात मुलांना अंगणाबाहेर एकटं सोडू नका, चालायचंच असेल तर दोघं-तिघं मिळून, बॅटरी घेऊन आणि बोलत चला. आमच्या गावात कुत्री रात्री घरात घेतात.

१७. दिवसभर कुठला तरी पक्षी चार सुरांत ओरडतो. कोणता?

एप्रिलपासून ऐकू येणारा तो चार सुरांचा कोकीळकुळातला पक्षी. कुमाऊंचे लोक त्याच्या सुरांत ‘काफल पाको’ म्हणजे ‘काफळ पिकलं’ असं ऐकतात. दरीतून येणारी दुसरी, लांबवलेली विव्हळ हाक न्योलीची, हिरव्या अंगाच्या मोठ्या तांबटाची. दुर्बीण न्या. निळी लांब शेपूट मिरवणारा दयाळाएवढा नव्हे, चांगला कावळ्याएवढा नीलकांती पक्षी अंगणातच येतो.

१८. आई-बाबा पंचाहत्तरीचे आहेत. झेपेल का?

२,५०० मीटरच्या खाली विरळ हवेचा त्रास सहसा होत नाही, तरी हृदयाचा किंवा फुफ्फुसांचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारूनच निघा. खरी अडचण पायऱ्यांची असते. डोंगरातली घरं रस्त्याच्या वर किंवा खाली असतात. खोली ठरवताना ‘गाडीपासून किती पायऱ्या?’ हा प्रश्न आधी विचारा. औषधं आठवडाभराची जास्त ठेवा, मोठं रुग्णालय हलद्वानीला आहे.

१९. पाडव्याच्या सुट्टीत केदारनाथही उरकून येऊ का?

नाही. तेव्हा मंदिर बंद असतं. गंगोत्री-यमुनोत्रीची दारं अक्षय्य तृतीयेला उघडतात, केदारनाथची तारीख महाशिवरात्रीला आणि बदरीनाथची वसंत पंचमीला जाहीर होते. केदारनाथ ३,५८३ मीटरवर आहे, पाडव्याला तिथे बर्फ असतो. कुमाऊंहून ते जवळही नाही.

२०. तिथे पंत, जोशी आडनावं फार दिसतात. ती आपलीच माणसं का?

अनेक कुटुंबं आपले पूर्वज महाराष्ट्रातून, कोकणातून आल्याचं सांगतात. अल्मोड्याजवळच्या खूंट गावी जन्मलेले, उत्तर प्रदेशचे पहिले मुख्यमंत्री गोविंद वल्लभ पंत यांच्या घराण्याबद्दलही हेच सांगितलं जातं. भाषा मात्र पूर्णपणे कुमाऊनी. मोठ्या भावाच्या वयाच्या माणसाला ‘दाज्यू’ म्हणा, बाईला ‘दीदी’. मुक्तेश्वरचं पुण्याशी आणखी एक नातं आहे. तिथली पशुवैद्यक संशोधन संस्था १८८९ साली पुण्यात सुरू झाली आणि १८९३ मध्ये या डोंगरावर आणली गेली.

२१. तीन रात्रींत नैनिताल, मुक्तेश्वर, कौसानी आणि मुनस्यारी होईल का?

नकाशावर होईल. एका एप्रिलमध्ये आम्हीही असाच घट्ट बेत आखला होता. दुपारी चालक म्हणाला, आज थांबूया. आम्ही हट्ट धरला. पाचच्या सुमारास गारा सुरू झाल्या, पुढच्या वळणावर चीड रस्त्यावर आडवा पडला होता. रात्र एका चहाच्या टपरीत काढली. टपरीवाल्याच्या आईने स्वतःची रजई आमच्या मुलीवर घातली आणि पैसे काही घेतले नाहीत. तेव्हापासून प्रत्येक चार दिवसांमागे एक दिवस आम्ही मोकळा ठेवतो, आणि चालक थांबू म्हणाला की थांबतो. तीन रात्री असतील तर एकाच गावात राहा. मुनस्यारीच्या वाटेवर कालामुनीला मार्चमध्येही बर्फ असू शकतो.

२२. बुरांशचं रोप इंदूरला आणून लावलं तर?

जगणार नाही. त्याला आम्लधर्मी, पानाच्या खताची भुसभुशीत माती आणि गार हवा लागते. आपल्या काळ्या मातीत आणि मे महिन्यातल्या चाळीस अंशांत ते महिनाभरही तग धरत नाही. रानातून रोप उपटणं तर चूकच. त्याऐवजी मडुआचं पीठ, गहत आणि गावातल्या बायकांच्या गटाने केलेलं बुरांशचं सरबत आणा. बाटली उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवा. पाण्यात घालताना चिमूटभर काळं मीठ टाका.